मनुबाईनं मागून आणलेलं सोनं

ठाकुर्ली स्टेशनाकडं पाठ करून खाडीच्या अंगानं चालत सुटलं, की तेव्हा एक लहानसा कोळीवाडा लागायचा. त्यातलं अगदी पाण्याकडचं घर दामाजीचं. भरतीला पाणी उंबऱ्याशी येऊन विचारपूस करून जायचं, बाकी फारसं कुणी येत नसे.

दामाजी गडी मोठा रुबाबाचा. खाडीतून आला की पाटी बायकोपुढं अशी ठेवायचा, जणू राजानं मुलूख जिंकून आणलाय. बायको म्हणजे मनुबाई. ती तीच पाटी डोक्यावर घेऊन रेल्वेच्या क्वार्टरांत दारोदार मासळी विकायची. असं बरं चाललेलं, आणि एका पहाटे होडी ढकलता ढकलता दामाजीची डावी बाजू लुळी पडली. गडी खाटेवर आला तो आलाच. मनुबाईच्या अंगावरचं सोनं एकेक करत दवाखान्यात गेलं. गळ्यात राहिली काळी पोत आणि तिच्यात मिरीएवढा एक मणी.

खरं सांगायचं तर उपाशी कुणी राहिलं नाही. खाडी कुणाला उपाशी ठेवत नाही, चिखलातली निवट्यांसारखी बारकी मासळी तरी देतेच. पण दामाजीनं भिंतीकडं तोंड केलं. बायको कमावून आणते आणि आपण गिळतो, हे त्याच्या घशाखाली उतरेना. बोलायचा नाही, दाढी करू द्यायचा नाही. लेक तुळसा "बाबा" म्हणून हाक मारी, तर भिंत जेवढं उत्तर देते तेवढंच हा देई.

त्या सुमारास सरकारनं निराधारांना महिन्याचे महिने पैसे द्यायला सुरुवात केली. वाड्यावरच्या आवडाबाईनं दामाजीचं नाव घालायला लावलं. कचेरीत बऱ्याच खेपा झाल्या, आणि एक दिवस सायकलची घंटी वाजवत पोष्टमन दारात आला.

"दामाजी कोण? अंगठा द्या."

पुरुषाचा अंगठा घ्यायचा तो डाव्या हाताचा. आणि दामाजीचा डावा हात तर नुसता लोंबता. पोष्टमननंच तो हात उचलला, अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला, आणि नोटा दामाजीच्या उजव्या हातात ठेवल्या. दामाजी नोटांकडं बघतच राहिला. मग त्यानं हाक मारली, "मने, ये इकडं," आणि नोटा तिच्या पुढं धरल्या. अगदी पूर्वी पाटी ठेवायचा तशा.

"बग," तो म्हणाला, "चालता अंगठा कदी घरबसल्या पैसे आणत नव्हता. मेलेला आणतो."

"मग दुसरापन मारून घ्या," मनुबाई म्हणाली, आणि कैक महिन्यांनी त्या घरात दोघं हसली.

पैसे काही फार नव्हते. पण दर महिन्याला येतात म्हटल्यावर त्यांना वेगळंच वजन येतं. आधी मनुबाई होडीवाल्याकडून उधारीवर माल उचलायची. उधारीचा माल म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीचा माल, तो देईल ती मऊ पडलेली कोळंबी गोड मानून घ्यायची. आता ती रोख घेऊन जाई आणि कल्ले उचलून, वास घेऊन, नाक मुरडून माल निवडी. क्वार्टरातल्या बायका तिची वाट बघायला लागल्या. दामाजी पोष्टमनच्या दिवशी सकाळीच "वस्तरा काड" म्हणून बसायचा. दाढी मनुबाईच करायची. तो गाल फुगवून बसला की तुळसा म्हणे, "बाबा, तुजा पगार आज हाय कं?" आणि दामाजी खरोखर पगारदारासारखा खाकरायचा.

असं दोनेक वर्षं चाललं. मग एका सकाळी गावचा कोतवाल सांगून गेला, "कल्यानच्या कचेरीतला साहेब उद्या चौकशीला येतोय. घर नीट ठेवा, मानसं नीट ठेवा." साहेबाला पटलं नाही तर नाव कापणार, हेही तो जाता जाता बोलला.

पैसे गेले तर पुन्हा उधारी, ते एक सोसता येईल. पण दामाजी पुन्हा भिंतीकडं वळला तर त्याला सरळ करायला दुसरं काही तिच्याकडं नव्हतं. तिनं घर सारवलं, खाट बाहेरच्या पडवीत आणली. आवडाबाई बघायला आली आणि दारातच थबकली.

"सगलं झालं गो मने, पन तू अशी भुंडी?"

आता कोळीवाड्याची रीत अशी, की पाहुण्यापुढं घरची बाई अशी दागिन्यांवाचून आली तर माणूस विचारतं, घरात सुतक आहे की काय. आणि हा तर सरकारातला पाहुणा.

तुळसा शाळेत जायची, तिला अक्कल आलेली. ती म्हणाली, "आये, तो गरिबी बगाया येतोय."

"मग? गरिबी काय दारात वाळत घालायची? ती काय बोंबील हाय?"

"माजी बायको सरकारपुढं भुंडी उभी ऱ्हायाची नाय," खाटेवरनं दामाजीनं निकाल दिला.

झालं. आवडाबाईची मोहनमाळ आली, गंगुबाईच्या कानांतल्या कुड्या आल्या, बायजाच्या सोन्याच्या पाटल्या आल्या. बायजा हडकुळी आणि मनुबाईचं मनगट पाटी उचलून उचलून भरलेलं. पाटल्या चढवताना दोघी घामाघूम झाल्या, पण चढल्या. केसांत अबोलीचा गजरा माळला. दामाजी बघत राहिला आणि म्हणाला, "आता मनाच तुज्यावर चौकशी बसवावी वाटते."

साहेब सकाळी यायचा तो दुपारी आला. नाव उत्तमराव, राहणारा ठाण्याच्या नौपाड्यातला, हातात छत्री, चेहऱ्यावर उन्हाची आठी. मनुबाईनं पाणी दिलं आणि लगेच पानही वाढलं. कोळंबीचं कालवण, तळलेलं बोईट, तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी.

"साहेबांना मासळी चालते नं?"

"घरी चालत नाही," साहेब इकडं तिकडं बघत म्हणाला, "बाहेर पळते."

पहिल्या घासाला आठी गेली. दुसऱ्या घासाला साहेब बोलता झाला. "त्याचं असं आहे, बाई. आमच्याकडं एक अर्ज आलाय. म्हणे या वाड्यातल्या बायका सोन्यानं मढलेल्या असतात आणि सरकारचे पैसे घेतात. म्हणून मी बघायला आलो." आणि त्यानं मान वर करून बघितलं. आधी मोहनमाळ, मग कुड्या, मग पाटल्या.

मनुबाईच्या हातातली पळी तिथंच थांबली. तुळसा आढ्याकडं बघायला लागली. दामाजीला भलत्या वेळी खोकला आला. मागून आणलंय म्हणावं तर भिकार ठरायचं, आपलं म्हणावं तर नाव कापलं जायचं. मनुबाई तोंड उघडणार, इतक्यात पडवीत आवडाबाई.

"मने, माजी मोहनमाल दे बाय. केशरबाईच्या घरा हलद हाय ना, बायका निगाल्या. मना वाटलं साहेब सकालीच गेला."

कोळीवाड्यातली हळद म्हणजे अंगावर तोळाभर तरी हवं, नाहीतर बाईनं घरात बसावं. सकाळच्या पाहुण्याच्या हिशेबानं सोनं दिलेलं, आणि पाहुण्यानं दुपार केलेली. मनुबाईनं खाली मान घालून माळ काढून दिली. साहेबानं बोईटाचा काटा काढला.

मग गंगुबाई आली. "ए मने, कुड्या." साहेबाला बघून तिनं पदर सावरला. "जेवा तुमी, साहेब. माज्या कुड्या नेते फकस्त."

कान मोकळे झाले. आणि तेवढ्यात बायजा पळत आली. पाटल्या मात्र निघेनात. बायजा ओढते, मनुबाई दात आवळते. तुळसानं साबणाची वडी आणली, फेस केला. एक निघाली, दुसरी हाडाशी अडून बसली. बायजा रडकुंडीला. "सासू माजा जीव घेईल, साहेब, आता तुमीच काय ते करा." साहेब उष्ट्या हातानं उठला, डाव्या हातानं मनुबाईचं कोपर घट्ट धरलं, बायजानं ओढलं, आणि पाटली निघून थेट कालवणाच्या टोपात पडली.

ती धुऊन पुसून बायजा गेली. पडवीत शांत झालं. साहेब पुन्हा पानावर बसला. हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते.

"दामाजी," तो म्हणाला, "आता हिच्या अंगावर हिचं स्वतःचं काय उरलं?"

"मी हाय ना, साहेब," दामाजी म्हणाला. "आनि मी तर अर्दाच."

साहेबानं आणखी एक भाकरी मागून घेतली. जाताना ना हो म्हणाला, ना नाही. छत्री उघडली आणि खाडीच्या वाटेनं चालू लागला.

पुढल्या महिन्यात ठरल्या दिवशी दामाजी दाढी करून बसला. घंटी वाजली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वस्तरा, पुन्हा काही नाही. मग त्यानं वस्तरा मागायचं सोडलं. एका संध्याकाळी मनुबाई पाटी रिकामी करून आली, तर खाटेवरचा माणूस भिंतीकडं वळलेला. ती उंबऱ्याशी बसून पाय धूत राहिली, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

आणि एका सकाळी ती पाटीखाली डोक्यावर चुंबळ ठेवते तोच वाटेवर सायकल वाजली.

"दामाजी, अंगठा," पोष्टमन म्हणाला. "चौकशीपायी सगळ्यांचेच थांबलेले. आता येतील पहिल्यासारखे."

दामाजी भिंतीकडनं वळला. गालांवर पंधरवड्याचे खुंट, तरी रुबाब तोच. लुळा हात पोष्टमननं उचलला, अंगठा उठला. नोटा घेऊन दामाजीनं हाक मारली, "मने, ये इकडं." तिनं ओंजळ पुढं केली. मनगटावर पाटलीनं सोललेली खूण अजून तांबडी होती. दामाजी तिच्याकडं बघत राहिला, आणि पैसे तिच्या हातात ठेवून म्हणाला,

"पुडच्या टायमाला साहेब आला, तर जाड्या बाईच्या पाटल्या माग."

"बरं," मनुबाई म्हणाली, आणि वस्तरा आणायला आत गेली.