परत पाठवलेला डबा

ती चौकशी आठवली की आजही कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. नोकरीत खोटं बोलणारी माणसं पुष्कळ भेटली. त्यांचा राग येत नाही, तो कामाचाच भाग असतो. पण इतक्या सभ्यपणे, चहा पाजत, समोरच्याला 'सर सर' म्हणत खोटं बोलणारा माणूस मी तो एकच पाहिला.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी बारा वर्षांचा असताना वडील रॉटरडॅमच्या गोदीत कामाला आले आणि आम्ही इथलेच झालो. शिक्षण बेताचं. पोलीस प्रशिक्षण शाळेतून थेट नोकरीला लागलो. निवृत्त झाल्यावर नायमेखनच्या विद्यापीठात नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला, तोही पांढऱ्या केसांनी. त्यामुळे लिहिताना अजून हात अडखळतो. नावं कुणाचीच देत नाही.

शेवटची काही वर्षं मी शस्त्र परवाना विभागात होतो. इथे शूटिंग क्लबच्या सभासदाला परवाना मिळतो, पण पिस्तूल घरी ठेवायचं तर तिजोरी हवी, ती भिंतीला पक्की हवी, आणि आमचा माणूस येऊन केव्हाही तपासणार. ज्या काळातली ही गोष्ट आहे तेव्हा काडतुसांची टंचाई होती. दुकानातली फळी रिकामी, क्लबमध्ये माणशी एकच खोकं. मग लोकांनी झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून घरीच काडतुसं भरायला सुरुवात केली. परवान्यात तसं करता येत होतं, पण फक्त स्वतःपुरतं. भरलेलं काडतूस दुसऱ्याला द्यायचं नाही, ही अट ठळक अक्षरांत छापलेली होती. ती कोणी वाचत नव्हतं.

एका शनिवारी सकाळी क्लबच्या रेंजप्रमुखाचा फोन आला. आदल्या संध्याकाळी एका सभासदाच्या हातात पिस्तूल फुटलं होतं. तळहाताला नऊ टाके पडले होते. "तो म्हणतो पिस्तूल खराब होतं," रेंजप्रमुख म्हणाला, "पण मला ते काडतूस पटत नाही."

जखमी सभासदाचं नाव पाहिलं तर मराठी. राहायला ॲमस्टरडॅमजवळ डीमनला, नोकरी स्लोटरडाइकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. बरोबर माझी डच सहकारी होती. कामाला चोख, पण जिभेला धार. गाडीत म्हणाली, "तुझ्या गावचा दिसतोय. आज पटकन आटपेल."

कसलं पटकन!

दार त्याच्या बायकोने उघडलं. आम्ही दोघांनी बूट काढले. तो सोफ्यावर बसला होता, उजवा हात बँडेजमध्ये. मी मराठीत बोललो तसा एकदम सैल झाला. "अरे वा, काका, तुम्ही आपले निघालात!"

"काका नंतर. आत्ता चौकशीला आलोय."

"हो सर. नक्की सर."

सहकारिणीला कळावं म्हणून पुढची चौकशी इंग्रजीत चालली. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला काडतुसं भरायचा, हातानं ओढायचा प्रेस बसवलेला होता, दुसऱ्या टोकाला ऑफिसचा लॅपटॉप. पुंगळ्या चिंचेच्या पाण्यात घासून देवघरातल्या समईसारख्या लखलखीत केल्या होत्या. मग त्याने डाव्या हाताने एक्सेल उघडलं. दुकानातलं काडतूस केवढ्याला, घरी भरलेलं केवढ्याला, प्रेसची किंमत किती महिन्यांत वसूल होईल, सगळं रंग देऊन मांडलेलं. मी मान डोलावत ऐकलं. फुटलेल्या पिस्तुलाचा आणि नऊ टाक्यांचा रकाना मात्र त्यात नव्हता.

"हे कधी भरलेलं?" मी विचारलं.

"मंगळवारी सकाळी सर. वर्क फ्रॉम होम होतं."

"मीटिंग चालू असताना?"

"रोजचा स्टॅन्डअप हो. कॅमेरा बंद असतो. पंधरा मिनिटं नुसतं ऐकायचं."

"आणि तुमचा नंबर आला की?"

नंबर आला की तो अनम्यूट करणार, काल काय केलं ते सांगणार, परत म्यूट करून पुंगळी उचलणार. या पुंगळीत दारू घातली होती की नाही? प्रेस त्याची आठवण ठेवत नाही. एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तर बाहेरून काडतूस तसंच दिसतं, झाडलं की पिस्तूल फुटतं.

माझ्या सहकारिणीने तिजोरीतली काडतुसं मोजली. एकोणचाळीस. रेंजवर त्याने दहा झाडली होती, अकरावं फुटलं. म्हणजे पन्नास. आणि त्याच्याच एक्सेलमध्ये मंगळवारी शंभर भरल्याची नोंद होती.

"बाकीची पन्नास कुठायत?"

"ती खराब झाली होती सर. टाकून दिली."

"कुठे?"

"कचऱ्यात."

"कुठल्या कचऱ्यात? इथे केळ्याच्या सालीलासुद्धा वेगळा डबा आहे."

"नाही म्हणजे, नगरपालिकेच्या त्या केंद्रावर. केमिकल वगैरे घेतात ना, तिथे."

"कधी?"

"परवा."

"परवा ते बंद होतं," सहकारी म्हणाली.

"मग तेरवा असेल."

असा तासभर गेला. मी तीन प्रकारे विचारलं, तिने चार प्रकारे. मी त्याला स्पष्ट सांगितलं की त्या पन्नासांत आणखी तशी असतील आणि ती कुणाच्या हातात असतील, तर त्याला नुसते टाके पडणार नाहीत, डोळा जाईल. त्याचा चेहरा उतरला. पण उत्तर तेच. "टाकली सर. खरंच टाकली." मला ओरडावंसं वाटत होतं. माणूस घाबरलेला आहे आणि तरी बोलत नाही, म्हणजे तो स्वतःसाठी घाबरलेला नाही, एवढं मला कळत होतं. पण कुणासाठी?

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली, बरोबर ताटलीत चकल्या. सहकारिणीने माझ्याकडे बघून भुवई उंचावली. मी एक चकली तोडली. खरं सांगतो, त्या क्षणी मनात काही डाव नव्हता. डोकं दुखत होतं आणि चकली उत्तम झाली होती.

"ताई, तुम्ही केल्यात?"

"छे हो काका, मला कुठला वेळ? नवीन नोकरी लागलीय. आमच्या मैत्रिणीने पाठवल्या, दोन स्टॉप पुढे राहतात ते. मोठा डबा भरून."

"मग डब्यातून परत काय पाठवलंत?"

प्रश्न अगदी घरगुती होता. माझी आई सगळ्यांना हाच विचारायची. शेजारणीचा डबा परत जाताना त्यात निदान मूठभर साखर तरी जायची.

"मी काहीच नाही केलं," ती म्हणाली. "मला लाजच वाटत होती. पण हे म्हणाले, रिकामा नाही देत, मी बघतो. काल ऑफिसला जाताना घेऊन गेले." आणि मग नवऱ्याकडे वळून, "काय दिलंत हो तुम्ही?"

नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. डाव्या, धड हाताने ठेवला, तरी बशीत सांडला.

सहकारिणीला मराठी कळत नव्हतं, पण कप दिसला. "काय विचारलंस तू?" ती म्हणाली.

"डब्याचं विचारलं," मी म्हणालो.

मग तो बोलला. मैत्रिणीचा नवरा त्याच क्लबचा सभासद. त्यालाही काडतुसं मिळत नव्हती आणि शनिवारी दुपारी स्पर्धा होती. याने कौतुकाने त्याच डब्यातून पन्नास दिली, खाली नॅपकिन घालून, नीट मांडून. काल पिस्तूल फुटल्यावर फोन का केला नाहीस, असं मी विचारलं. त्यावर त्याचं उत्तर असं:

"मेसेज केला होता काका. 'ती वापरू नकोस' म्हणून. निळी खूण आली नाही. आणि तुम्हाला कसं सांगू? त्याचा नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. पोलिसांत नाव आलं तर सगळं अडकेल."

"अरे, स्पर्धा किती वाजता?" मी मराठीतच ओरडलो.

"दोनला."

दोनला सात मिनिटं होती. मित्राचा फोन बंद, कारण रेंजवर फोन कपाटात ठेवायचा नियम. मी रेंजप्रमुखाला लावला. पाचव्या रिंगला उचलला. "सगळी लाइन थांबव. स्टीलचा डबा घेऊन कोण आलंय बघ. त्यातलं काही झाडू देऊ नकोस." फोन कानाला धरून मी उभा होतो. पलीकडे त्याची शिट्टी ऐकू आली, मग नुसती शांतता, मग त्याचा आवाज: "डबा सापडला. मॅगझिन भरलेलं होतं. झाडलं नव्हतं."

मी खाली बसलो. बायको रडत होती आणि नवऱ्याला म्हणत होती, "माझ्या मैत्रिणीच्या डब्यात? माझ्या मैत्रिणीच्या डब्यात दिलंत तुम्ही?" ते तिला जास्त लागलं होतं, आणि मला वाटतं, तिचं बरोबर होतं.

प्रयोगशाळेत ती पन्नास काडतुसं एकेक करून तोलली. तीन जड निघाली. त्यातलं एक मॅगझिनमध्ये होतं, वरून चौथं.

त्याचा परवाना गेला. मित्राला लेखी ताकीद मिळाली. नागरिकत्वाच्या अर्जाचं काय झालं ते आमच्या विभागाला कळत नाही, पण जबाबात मित्राने सगळं सरळ सांगितलं एवढं मी अहवालात आवर्जून लिहिलं. मित्राचे कागद वाचवायला मित्राचा डोळा पणाला लावणारा माणूस वाईट नव्हता, हेच मला सगळ्यात जास्त चिडवतं. वाईट माणसाला धमकावता येतं. भल्या माणसाला काय करणार? तो तुमच्यासमोर बसून, भलेपणानेच, एखाद्याचा जीव जाऊ देतो.

या प्रकरणाने मला शिकवलं ते इतकंच की माणूस ज्या प्रश्नाची तयारी करून बसतो, तिथे त्याला दहा वेळा विचारून उपयोग नसतो. ज्याची तयारी करावी असं त्याला वाटतच नाही, ते विचारावं. पण ते मी ठरवून विचारलं नव्हतं, म्हणून श्रेय घ्यायला संकोच वाटतो.

डबा पुराव्याच्या खोलीत चार महिने होता, कडीला चिठ्ठी बांधून. झाकणावर मैत्रिणीच्या सासूचं नाव कोरलेलं. प्रकरण मिटल्यावर तो परत द्यायला मी आणि सहकारी डीमनला गेलो. वाटेत तिने गाडी सुपरमार्केटसमोर थांबवली आणि स्ट्रोपवाफलचं, म्हणजे पाक भरलेल्या डच बिस्किटांचं, पाकीट घेऊन आली. "रिकामा देत नाहीत ना?" म्हणाली, आणि स्वतःच डब्यात भरलं.

मैत्रिणीने दार उघडलं. डबा पाहून ओळखीचं हसली, दोन्ही हातांनी घेतला. मग हसू तसंच ठेवून, आम्हाला आत या म्हणायच्या आधी, तिने झाकण उघडून आत पाहिलं.