त्या दिवशी दुर्बिणीवर मी होतो

गेल्या महिन्यात खेडला एका तेराव्याला गेलो होतो. गेले ते माझे जुने सहकारी. कचेरीत सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायचो. पानावर बसलो असताना त्यांचे जावई शेजारच्याला सांगत होते, "शेवटी डोळ्यांनी दगा दिला हो. दुर्बिणीवरून उठवून टेबलावर बसवलं त्यांना. फार लागलं ते मनाला." मी भात कालवत राहिलो. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, म्हणून हे लिहितो आहे. काकांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या कचेरीत मी नुकताच लागलो होतो, अजून कायम व्हायचा होतो. रोज साडेअकराला गच्चीवरून गॅस भरलेला पांढरा फुगा सोडायचा आणि थिओडोलाइटमधून त्याचा पाठलाग करायचा. आम्ही त्या यंत्राला नुसती दुर्बीण म्हणायचो. दर मिनिटाला घंटी वाजे. दुर्बिणीवर बसलेला दोन कोन मोठ्याने वाचायचा, दुसरा ते लिहून घ्यायचा. त्यावरून वरच्या वाऱ्याचं गणित मांडून तार जायची. फुगा जितका वेळ दिसेल तितक्या उंचीवरचा वारा कळे. त्यामुळे कोणी किती मिनिटं फुगा धरला याची आमच्यात चढाओढ असे. त्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता.

थंडीचे दिवस होते, आभाळ स्वच्छ. काकांनी सकाळीच तक्त्यावर नावं घातली होती. दुर्बिणीवर ते, लिहायला मी. फुगा सोडताना मी म्हटलं, "काका, आज मी बसू?" ते म्हणाले, "बस. पण डोळा काढू नकोस. नाक खाजलं तरी खाजवायचं नाही."

फुगा खाडीवरून समुद्राकडे निघाला. एकतिसाव्या मिनिटाला घाम डोळ्यांत गेला म्हणून मी डोळा पुसला. परत लावला तर फुगा नाही. दुर्बीण इकडे तिकडे फिरवली, आणि एक पांढरा ठिपका सापडला.

"सापडला!"

"फुगाच ना?"

"फुगाच."

आकड्यांत थोडी उडी होती. ती मी वाऱ्याच्या माथी मारली. पुढे पुढे मला शंका येऊ लागली होती, हे आज कबूल करतो. फुगा भिंगात थरथरतो. हा ठिपका शांत होता आणि किंचित चपटाही वाटत होता. पण चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. इतका वेळ मी कधीच फुगा धरला नव्हता. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला थांबलो तेव्हा काकांनी पाठ थोपटली. संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोलाही सांगितलं.

रात्री गणित बघताना काकांना ते खटकलं असावं. थंडीत वर गेलं की वारा पश्चिमेचा लागतो, फुगा परत जमिनीकडे फिरतो. आमचा फुगा समुद्राकडेच चालला होता. दुसऱ्या दिवशी फुग्याची पाळी कचेरीतल्या दुसऱ्या दोघांची होती. ते आवरून खाली गेल्यावर काकांनी मला गच्चीवर थांबवलं. कालचा तक्ता हातात घेऊन कालच्या अठ्ठावन्नाव्या मिनिटाचे कोन दुर्बिणीला लावले आणि घड्याळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ये. बघ."

ठिपका तिथेच होता.

"अर्धा दिसतो बघ. फुगा कधी अर्धा असतो काय?"



"शुक्र आहे तो. सध्या पहाटे उगवतो आणि मग दुपारपर्यंत असतोच की वर. आपण बघत नाही."

तेवढ्यात समोरच्या टपरीचा चहावाला ग्लास घेऊन वर आला. काकांनी त्याला पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं केलं. "डोकं टाकीला टेक. त्या माडाच्या शेंड्यावरून सरळ वर बघत जा. आणखी वर. दिसलं?"

"आयशप्पत! ता काय हाय वो? त्या पडलेल्या स्कायलॅबचा वर ऱ्हायलेला तुकडा काय?"

"असेल. पडला तर तुझ्याच टपरीवर पडू दे. चहात साखर कमी घालतोस."

तो हसत खाली गेला. काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि नुसत्या नजरेने त्या जागेकडे बघून घेतलं. क्षणात त्यांना तो दिसलाही. मला दुर्बिणीशिवाय शेवटपर्यंत सापडला नाही.

"चूक होते रे," ते म्हणाले. "माझीही झाली असती. साहेबांना सांग, दुरुस्तीची तार पाठवू."

"दुपारी सांगतो."

दुपारी साहेब जेवायला गेले होते. संध्याकाळी त्यांचा चेहरा बरा दिसला नाही. मग रविवार आला. आठ दिवसांनी वरच्या कचेरीचं पत्र आलं. शेजारच्या सगळ्या ठिकाणी वर पश्चिमेचा वारा आहे, तुमच्याकडेच पूर्वेचा कसा? साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर तक्ता होता.

"दुर्बिणीवर कोण होतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. रस्ता ओलांडताना आपण दुसऱ्याला पुढे जाऊ देतो, तसे ते थांबले होते. मी म्हटलं, "तक्त्यावर नाव आहे तसंच, साहेब."



साहेब काकांना म्हणाले, "डोळे तपासून घ्या एकदा. वय झालं आता."

काकांनी डोळे तपासून चिठ्ठी आणली. चष्म्यासकट नजर उत्तम, असं तीत होतं. साहेबांनी ती फाइलला लावली आणि म्हणाले, "असू दे. दोनच वर्षं राहिलीत तुमची, कशाला उन्हात बसता?" दुर्बीण माझ्याकडे आली. दोन वर्षं मी कोन वाचले आणि काकांनी ते लिहून घेतले. अक्षर सुंदर होतं त्यांचं. एकदाच मी म्हटलं, "काका, मी साहेबांना सांगू का आता?"

ते लिहिताना थांबले नाहीत. "आता सांगून तुझी नोकरी जाईल, आणि माझी दुर्बीण काही परत यायची नाही. घंटी झाली बघ. आकडा सांग."

मी आकडा सांगितला.

मी निवृत्त झाल्यावर दोनदा काकांना भेटायला खेडला गेलो. दोन्ही वेळा सांगायचं ठरवून गेलो. ते आंब्याची, पावसाची चौकशी करत राहिले आणि मी उत्तरं देत राहिलो. मला वाटतं, आपल्या घरी काय समजूत आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ती खोडली नव्हती.

हे कागद मी त्यांच्या मुलीला पाठवतो आहे. तक्ता आता कुठे असेल कोण जाणे, पण असला तर त्यावरचं नाव खोटं आहे. तिने हे नवऱ्याला वाचून दाखवावं. मला काही कळवलं नाही तरी चालेल.