टाकीखालची रिकामी जागा

नरेंद्र बोरकुट्यांनी नागपूरच्या पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढली, पण कुणी नुसतं "झालं काम" म्हटल्यावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही. नवा व्हॉल्व्ह बसवला म्हणून सांगणारे जुन्यालाच रंग फासून जातात, हे त्यांनी खड्ड्यात उतरून स्वतः पाहिलं होतं. निवृत्तीनंतर ते आयर्लंडमध्ये ड्रोहेडाला मुलीकडे आले. सुचित्रा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. नोकरी सुटली, नजर तेवढी सुटली नाही.

डिसेंबरात कडक थंडीचा इशारा आला आणि सुचित्रानं डेक्लनला, म्हणजे नेहमीच्या प्लंबरला, बोलावलं. बुटका, साठीचा, तोंडातल्या तोंडात बोलणारा. त्याच्या चार शब्दांतला एक नरेंद्ररावांना कळायचा. उरलेल्या तिनांत तो काहीतरी लपवतोय असं वाटायचं.

त्यानं सिंकखालच्या प्रेसमधला, म्हणजे कपाटातला, अंगणातल्या नळाचा कॉक बंद केला, तो नळ रिकामा केला आणि उघडाच ठेवला.

"नळ उघडा टाकून चालला हा."

"बाबा, आत थेंबभर पाणी राहिलं आणि गोठलं तर फुगायला जागा नको का?"

मग तो माळ्यावर चढला. तिथं घराची पाण्याची टाकी. पाऊण तासानं उतरला तेव्हा हातात फुगलेली काळी पिशवी होती. "ऑल ग्रँड," म्हणाला आणि गेला.

"पिशवीत काय घेऊन गेला तो?"

"कचरा असेल, बाबा."

"तू पाह्यलं का?"

दुसऱ्या दिवशी सुचित्रा ड्यूटीवर जाताच नरेंद्ररावांनी शिडी लावली. पाइपांना फोमची नळकांडी नीट चढवली होती. टाकीच्या चारी बाजूंना जाकीट, वर झाकण. त्यांनी मोबाइलचा टॉर्च खाली वळवला. माळाभर घराची ऊब अडवणाऱ्या काचलोकरीची पिवळी गादी अंथरलेली, आणि टाकीच्या बरोबर खाली मात्र उघडी फळी. लोकर ताजी कापलेली दिसत होती. पिशवीचा उलगडा झाला. इथली काढून दुसऱ्याच्या घरी लावणार लेकाचा!

कोपऱ्यात एक जुनी गुंडाळी होती. तिचे तुकडे करून त्यांनी ते टाकीखाली गच्च कोंबले. दोन दिवस हात खाजत राहिले. सुचित्रानं विचारलं तर म्हणाले, "थंडीनं होऊन राहिलं."

चौथ्या सकाळी बाहेर उणे सहा. वरच्या बाथरूमच्या नळाला पाणी नाही. स्वयंपाकघरातला चालू होता, कारण तो थेट रस्त्याच्या लाइनवर.

"मी म्हटलं होतं ना," नरेंद्रराव म्हणाले, "त्या माणसात खोट आहे."

डेक्लन अर्ध्या तासात आला, वर गेला आणि पिवळे तुकडे हातात घेऊन उतरला. सुचित्राशी बराच वेळ बोलला. तिचा चेहरा बदलला.

"बाबा, तो विचारतोय, हे टाकीखाली कुणी घातलं? खालच्या खोलीची ऊब वर चढून टाकीला लागावी म्हणून त्यानं मुद्दाम तिथली लोकर काढली होती."

खोटं बोलायला जागा होती. आधीच्या मालकानं, उंदरांनी, काहीही. नरेंद्रराव डेक्लनकडे वळले.

"मी घातलं," ते इंग्रजीत म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही चोरली."

डेक्लन हसला नाही, रागावलाही नाही. बोटानं वर खूण करून त्यांना माळ्यावर घेऊन गेला आणि त्यांचा हात धरून टाकीखालच्या फळीवर ठेवला. फळी कोमट होती. छोटा हीटर लावून तासाभरात त्यानं पाणी मोकळं केलं. नरेंद्रराव टॉर्च धरून बसले.

तो गेल्यावर त्यांना चहा गोड लागेना. नागपूरच्या खात्यातला मोहन नावाचा फिटर आठवत होता. पाइपाचा जोड सैल ठेवला म्हणून त्यांनी त्याला सगळ्यांदेखत कामचोर म्हटलं होतं, मेमो दिला होता. उन्हात पाइप वाढतो, त्याला जागा ठेवावी लागते, असं काहीतरी तो सांगत होता. त्यांनी पुरतं ऐकलं नव्हतं. तो जोड खरंच चुकला होता की नाही, हे त्यांना आज सांगता येईना.

दुपारी त्यांनी नागपूरच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला.

"मोहनचा नंबर आहे का रे?"

"आता इतक्या वर्षांनी काय खोट सापडली त्याच्यात?"

"त्याच्यात नाही," नरेंद्रराव म्हणाले. "दे तू नंबर."