पाळकसाहेबांनी न घेतलेलं नाव

गायकवाड पाळकसाहेब रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत तेव्हा डोळे घट्ट मिटत आणि एकेक नाव असं घेत, की जणू पाण्याचा पेला देवाच्या हातात देताहेत. साखरखेर्ड्यात आमची ख्रिस्ती घरं मोजकी, पण नावं सगळ्या गावाची यायची. सायकलवाल्या रहीमभाईंची आई, विहाराजवळची बाळंतीण, बाजारात पडलेला हमाल. मी तेव्हा नवी सून. पदर नीट करून कान टवकारून बसायची, आज तरी ‘रत्नमाला’ ऐकू येईल. कधी आलं नाही.

एका रविवारी शेजारच्या शांताच्या म्हशीचं नाव आलं. “प्रभू, शांताबाईची चंद्री चारा खाऊन नाही राह्यली.” मी एक डोळा उघडून पाहिलं. शांता काय ऐटीत बसली होती, जशी म्हैस कलेक्टर झाली! चंद्रीनंतर थेट आमेन. त्या दुपारी मी सगळ्या भाकरी करपवल्या.

मग मला चक्कर यायला लागली. म्हणजे मी ठरवलं, आणि ती आली. सासूबाईंनी निरोप धाडला. पाळकसाहेब लुना घेऊन दारात. “आधी दवाखाना, मंग प्रार्थना. बस मांगं.” हे त्यांचं नेहमीचं. अर्धं गाव त्यांनी त्या लुनावरून दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी मला ही जाडजूड सुई टोचली. म्हटलं, चालेल, रविवारी वसूल होईल.

रविवारी नाव नाही! मी त्यांना दारातच गाठलं. “पाळकसाहेब, माह्यं नाव राह्यलं.”

“काऊन? सुई घेतली, बरी झाली. बऱ्या माणसाचं नाव काय घ्यायचं बाई?” मिशीतल्या मिशीत हसले. सगळं ओळखलं होतं त्यांनी. “आन् बरी हायेस, तं कामाले लाग.”

तेव्हापासून ते मला रोग्यांकडं नेऊ लागले. कुणाला पेज पाज, कुणाची वेणी घाल. मी गाल फुगवून जायची. ज्यांची नावं येतात त्यांचीच सेवा मी करायची, हा कुठला न्याय?

पुढं शांताच आजारी पडली. दवाखान्यात तिच्याजवळ बसले होते. तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं, “आज तुह्यं नाव सगळ्यात पयले घेतलं.” ती पंख्याकडं बघत म्हणाली, “तुह्यं बरं हाय वं रत्ने. तुह्यं नाव कोणी घेत नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यावर जळलं, आणि मला काडीची मजा आली नाही. शांता उठली नाही त्या खाटेवरून. त्यानंतर पाळकसाहेबांना मला बोलवावं लागलं नाही. लुनाचा आवाज आला की मी चपला घालून तयार.

गेल्या वर्षी ते स्वतःच थकले. नव्या, तरुण पाळकांच्या उपासनेत शेवटच्या बाकाजवळ खुर्ची टाकून माझ्या शेजारी बसायचे. आजाऱ्यांत पहिलं नाव त्यांचं आलं, तशी मी वाकून म्हटलं, “लागला का नंबर?”

“हो,” बोळक्या तोंडानं हसले. “तू काऊन रुसायची, थे आता समजलं. गोड लागते बाई.”

ते गेले तेव्हा रहीमभाईंनी दुकान बंद ठेवून खांदा दिला. विहाराजवळच्या बाया आमच्या बायांत बसून रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

पुढच्या रविवारी आजाऱ्यांची नावं सुरू झाली. आता माझं नाव दर आठवड्याला असतं: रत्नमालाबाई, गुडघे. त्यांचं नाव मात्र आलं नाही. मी एक डोळा उघडून रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. मला गुडघ्यांसकट इथं ठेवून पाळकसाहेब बऱ्या माणसांत जाऊन बसले होते.

मी जळफळतच आमेन म्हटलं.