राहात्याची दुसरी गाडी

आमच्या भागात तसल्या गाड्या दोनच. एक माझी, संगमनेरात. दुसरी राहात्याच्या एका निवृत्त सरांची. एका सिलिंडरची जुनी इटालियन मोटरसायकल ठेवणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. सुटे भाग इथं मिळत नाहीत आणि तिकडून मागवले तर हमखास चुकीचे येतात. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. त्यामुळे कोणी फेरी मारायलासुद्धा मागत नाही.

बायको गेल्यावर माझे डोळे रविवारकडे लागलेले असत. सर चर्चमधली प्रार्थना आटोपून निघायचे, मी इकडून, आणि लोणीजवळच्या टपरीवर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहायच्या. बोलणं काय, तर क्लचची वायर, कार्बोरेटर, कुठल्या भंगारवाल्याकडे काय दिसलं. भांडायचोही भरपूर. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, असला प्रकार.

मग माझा मॅग्नेटो गेला. ठिणगी पाडणारा हा भाग गेला की गाडी म्हणजे नुसतं लोखंड. खूप शोधला, दुरुस्तही करून पाहिला. शेवटी वैतागून मी गाडी विकायच्या गोष्टी करू लागलो. तेव्हा एक दिवस सर एसटीनं आले आणि पिशवीतून मॅग्नेटो काढून माझ्या हातात ठेवला.

"पुण्याच्या जुन्या बाजारात घावला. बसवा."

बसवला. गाडी दुसऱ्याच किकला सुरू झाली आणि मी पोरासारखा ओरडलो.

त्यानंतर मात्र सर टपरीवर येईनात. "गुडघे लई दुखत्यात हो," फोनवर म्हणायचे, आणि वर माझ्या गाडीबद्दल सल्ले द्यायचे. "उंटावरून शेळ्या हाकू नका, या की," मी चिडून म्हणायचो. मीच राहात्याला येतो म्हटलं तर काहीतरी कारण काढायचे. रविवारी एकटाच टपरीवर चहा पिऊन परतायचो. फार एकटं वाटायचं.

यंदा उन्हाळ्यात सर गेले. काही दिवसांनी त्यांच्या बाईंचा फोन आला. "भाऊ, ती गाडी न्या तुमी. सुट्या सामानाला तरी हुईल."

टेम्पो घेऊन गेलो. खोटं कशाला बोलू, मनात मॅग्नेटोच होता. एक राखीव असलेला बरा.

गाडी ओसरीत उभी होती, लखलखीत. बाई म्हणाल्या, "रोज पुसायचे. चालवत मातर न्हवते."

"गुडघ्यांमुळं," मी म्हणालो.

"गुडघ्यांना काय झालं हुतं? चर्चला रोज चालत जायचे की."

मी पान्यानं बाजूचं झाकण काढलं. आत मॅग्नेटो नव्हता. तो धरून ठेवणारे स्क्रू तेवढे तेल लावून जागच्या जागी परत बसवलेले होते.

बाई चहा टाकायला आत गेल्या. मी तिथंच फरशीवर बसलो. आधी रागच आला सरांचा. अहो, सांगायचं तरी होतं. माझ्या गाडीला मागची सीट आहे. राहात्याला येऊन दर रविवारी तुम्हाला मागं बसवून नेलं असतं मी.