वरडतंय, पोचत न्हाई

"कुनी ऐकायचं?"

सायलेन्सर बदलायला कुणीही गाडी आणली की मिस्त्रींचा पहिला प्रश्न हा. उजव्या हाताचा पंजा सायलेन्सरच्या तोंडामागं धरायचे, धुराचे ठोके तळहातावर घ्यायचे आणि गिऱ्हाइकाकडं न बघता विचारायचे. गाडी कोणती, आवाज किती मोठा, या गोष्टी नंतर.

चौसाळ्याला हायवेच्या कडेला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल तर गंजक्या पायपांचा ढीग तुम्हाला दिसला असेल. मिस्त्री दिसले नसतील, कारण ते कायम कुठल्या तरी गाडीखाली असायचे. बाहेर नुसते पाय. पुष्कळ लोक पायांशीच बोलून परत जायचे.

एकदा एक पुढारी नवी कोरी डिझेल गाडी घेऊन आले. म्हणाले, "गावात शिरलो की कळलं पाहिजे."

"कुनाला?"

"सगळ्यांना."

"मंग भोंगा लावा की. सस्तात पडंल."

पुढारी हसले, पण पुन्हा आले नाहीत. पुढं निवडणुकीत त्यांचं भाषण शेडपर्यंत ऐकू यायचं. मिस्त्री वेल्डिंग थांबवून थोडा वेळ कान द्यायचे, मग मान हलवायचे. "वरडतंय. पोचत न्हाई."

गाडीतून फटफट आवाज काढून मागणाऱ्या पोरांना ते शेडच्या आतसुद्धा घेत नसत. "फटाके दिवाळीला मिळत्यात बे," एवढंच. उलट एका टेम्पोवाल्याची अडचण अशी की बायकोला पुलापासून आवाज यावा, म्हणजे ती तवा टाकील. त्या कामाला मिस्त्रींनी आख्खा दिवस घातला आणि पुढचे दोन दिवस खुशीत होते. भाकरी खाणार टेम्पोवाला, आनंद यांना.

मी डी.एड. झालेला माणूस. नोकरी काही लागली नाही, म्हणून जुनी डिझेल जीप घेतली आणि केजच्या रस्त्याला काळीपिवळी चालवायला लागलो. मिस्त्री मला "मास्तर" म्हणायचे. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी चिडलो असतो.

त्या रस्त्यावर एका खिंडीच्या पलीकडं, खालच्या खोलगटात, एका मेंढपाळाची वस्ती आहे. तिथं मोबाइलला रेंज नाही. त्याची पोरगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला केजच्या कॉलेजात घालायला तो तयार होता, पण त्याची एक अट होती.

"फाट्यावर उभी ऱ्हानार न्हाई," तो मला म्हणाला. "टवाळ पोरं बसत्यात तितं. जीप आली की वर यायचं, बसायचं. आन तुमची जीप कदी येती कदी जाती, आमाला खाली कळतच न्हाई. जमंना तर ऱ्हाऊ द्या, घरीच बसंल ती."

माझ्या जीपच्या आवाजावर एका पोरीचं कॉलेज अडकलंय, हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी सरळ चौसाळा गाठलं.

मिस्त्रींनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी सगळं सांगितलं. जीप खिंड चढायला लागल्यापासून फाट्यावर यायला मला दहा मिनिटं लागतात. पोरीला वस्तीवरून वर यायला आठ. म्हणजे खिंडीतला आवाज वस्तीवर ऐकू गेला पाहिजे. मिस्त्री गाडीखाली गेले आणि तिथूनच ओरडले, "मास्तर, पाईप चेपलाय. इंजनाचा गळा दाबून गाडी हाकताय तुमी."

चेपलेला तुकडा कापून त्यांनी सरळ पाईप टाकला. जीप गरजायला लागली. एका आजीबाईनं दुसऱ्याच दिवशी कानात पदर कोंबला. कॉलेज अजून उघडायचं होतं, पोरगी मामाकडं गेलेली. मिस्त्री म्हणाले, "मी वस्तीवर बसतो. तुमी खिंडीतून या. ऐकलं की निगतो."

मी आलो. फाट्यावर कुणी नव्हतं. कितीतरी वेळानं मिस्त्री चढ चढून आले. त्यांना दम्याचा त्रास होता. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती.

"फाट्यापशी आलात तवा ऐकलं," ते म्हणाले. "आन मेंढरं उदळली ती येगळीच. नुसतं वरडतंय."

"राहू द्या मिस्त्री. तुमची तब्येत…"

"कावून ऱ्हाऊ द्यायचं? पोरगी हाय."

मग त्यांनी सायलेन्सरची मोठी जुनी डबी शोधून काढली, पाईप लांबवला, वाक गोल केले. दुसऱ्या खेपेलाही ते उशिरा आले. तिसऱ्या खेपेला आवाज असा खाली बसला की जीपमध्ये गप्पा मारता यायच्या. मला वाटलं, संपलं, हा आवाज तर वस्तीवर जाणारच नाही. एक मात्र झालं, जी जीप खिंड दुसऱ्या गियरमध्ये रडत चढायची ती तिसऱ्यात चढली.

फाट्यावर मिस्त्री दगडावर बसलेले होते. शेजारी पोरीचा बाप उभा. तो म्हणाला, "मेंढरांनी मान वर केली, पर पळली न्हाईत. मी म्हनलं, आली."

मिस्त्रींना बोलायला वेळ लागला. "मी दम्याचा मानूस तुमच्या आदी पोचलो," ते म्हणाले. "पोरगी तर उडत येईल."

पोरगी दोन वर्षं आली. मी थांबायचो तेव्हा ती शेवटची चार पावलं चढत असायची. फाट्यावर तिला उभं राहिलेलं मी एकदाही पाहिलं नाही. आता ती नर्सिंग शिकते.

मिस्त्री गेल्या थंडीत गेले. शेडच्या जागी आता तयार सायलेन्सर विकणारं दुकान आहे, आणि तिथला माणूस फक्त मॉडेल विचारतो. मिस्त्रींची मला फार आठवण येते.

परवा ती पोरगी सुट्टीला गावी आली, माझ्या शेजारच्या सीटवर बसली. बोलता बोलता मी म्हणालो, मिस्त्री गेले.

"कोण मिस्त्री?" तिनं विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बापानं नाही, मी नाही, मिस्त्रींनी तर नाहीच. मग मी सगळं सांगितलं. तीन खेपा, तो चढ, तो दम.

"काका," ती म्हणाली, "मला वाटायचं, सकाळी त्या रस्त्यानं तुमची एकट्याचीच जीप जाती."

सकाळी सात ते आठमध्ये त्या रस्त्यानं तेव्हा सहा जीपा जायच्या.