शिवायचं न्हाई

आबांच्या डाव्या तळहातावर काहीही नसताना उजवा अंगठा फिरत राहायचा. समोर बातम्या चालू असोत किंवा कुणी बोलत बसलेलं असो, अंगठा आपला गोल गोल मळतोय. मग दोन बोटांनी थाप मारून ते चुन्याची धूळ उडवल्यासारखा रिकामाच हात झटकायचे, भानावर यायचे आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. शाळेत पकडलेल्या मुलासारखे.

आबा म्हणजे माझे सासरे. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यानंतर बरीच वर्षं कुपवाडच्या एका कारखान्याच्या फाटकावर पहारा दिला. तंबाखूने गाल खाल्ला तेव्हा मिरजेला शस्त्रक्रिया झाली आणि कडेगावजवळचं गाव सोडून ते सांगलीला आमच्याकडे राहायला आले. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. तेव्हा महिनाभर रजा काढून त्यांच्यापाशी होते. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "आबा, तंबाखूला पुन्हा शिवायचं नाही. शिवलात, तर पुढचं माझ्या हातात राहणार नाही."

दोन दिवसांनी आबा जबडा आवळतच म्हणाले, "शिवायचं न्हाई म्हनला डागदर. मग दिसभर हातानी करायचं काय?"

मी उशीच्या अभ्र्यावर भरतकाम करत बसले होते. सहज बोलून गेले, "शिवायचंच असेल तर हे शिवा."

मला वाटलं, आता रागावणार. त्यांनी हात पुढे केला. "आन हिकडं. पलटनीत परत्येकाच्या पेटीत सुई-दोरा आसतोय. तितं काय बायकू येती व्हय बटन लावाय?"

बटण लावणं आणि फाटलेलं सांधणं त्यांना येत होतं. साखळी टाका मी शिकवला. पहिले काही आठवडे त्यांच्या साखळ्या एकमेकींकडे पाठ करून चालायच्या, एक कडी लांब, पुढची आखूड. स्वतःच कापड लांब धरून म्हणायचे, "ही बघ, माणातली मेंढरं निघाली पान्याला." मी म्हणायचे, राहू द्या, छान दिसतंय. ते ऐकायचे नाहीत. सगळं उसवून पुन्हा सुरुवात. "फडक्याचं बरं आसतंय, सुनंदा. उसवाय येतंय. डागदरनं गालावर घाटलेलं टाकं काय उसवून परत घालता येत न्हाईत."

गावाहून त्यांचे दोस्त बाबू माने, आमचे बाबूतात्या, भेटायला यायचे. पहिल्यांदा हातात सुई पाहून ते दारातच थांबले. "काय रं गड्या, रुखवत कवा मांडायचा?"

"तुजं लगीन ठरू दे," आबा मान वर न करता म्हणाले, "पयला तुजाच मांडतो."

एवढं हलकं सगळं चाललेलं असताना त्याच महिन्यात एके दिवशी आबांनी जुन्या लष्करी विजारीचा पाय कापला आणि चंची शिवायला घेतली. आमच्याकडे चंची म्हणजे एकच गोष्ट. घडीची कापडी पिशवी, एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात चुन्याची डबी, आणि शेवटच्या कप्प्यात तंबाखू. ती कमरेला खोचून हिंडणारी माणसं आम्ही जन्मभर पाहिलेली. विजय, माझा नवरा, संध्याकाळी घरी आला, त्याने ते कप्पे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

"आबा, ही कशाला?"

"लागती."

"चंचीत काय देवाचे फोटो ठेवतात?"

आबांनी दाताने दोरा तोडला. गालाच्या टाक्यांमुळे दाताने दोरा तोडू नका, असं मी रोज सांगायचे, त्या दिवशी नुसती कात्री पुढे सरकवली.

तपासणीच्या दिवशी ती चंची कमरेला होती. गाडीत बसवताना विजयला वास आला. तंबाखूचा. रस्ताभर तो काच उघडी ठेवून गाडी चालवत होता. दवाखान्यात बाकावर बसल्यावर आबांनी शांतपणे चंची सोडली. पानाच्या कप्प्यातून रिळं निघाली, सुपारीच्या कप्प्यातून छोटी कात्री, आणि चुन्याच्या घासून लख्ख केलेल्या डबीतून सुया. शेवटच्या कप्प्याचं तोंड मात्र लाल दोऱ्याने शिवून टाकलेलं. वास तिथूनच येत होता.

"ह्यात काय आहे?" विजयने विचारलं.

"हुती तेवडी शेवटची. कैद केलीया."

"फेकून द्यायची की."

"फेकली की ती फरार. मग दिसंल त्या टपरीवर तीच उबी. ही नजरंखाली हाय. कैदी जवळ आसला की पहारा द्याय बरं पडतंय, लेका."

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, पण गाल स्वच्छ होता.

तरी विजयची शंका गेली नाही. "त्यांना उसवता येतं," तो मला म्हणाला, "आणि परत शिवताही येतं. तूच शिकवलंस." मी त्याला गप्प केलं खरं, पण तपासणी जवळ आली की माझंही पुस्तकात लक्ष लागत नसे. कधी दुपारी आबांचा अंगठा पुन्हा रिकाम्या तळहातावर फिरताना दिसे आणि माझी नजर त्या लाल शिवणीवर जाई. विचारायचं धाडस झालं नाही. दर वेळी डॉक्टर "ठीक आहे" म्हणायचे आणि आम्ही तिघं उसाचा रस पिऊन घरी यायचो.

आजारपण मागे पडलं, सुई राहिली. आबांचा हात इतका बसला की साखळी गव्हाच्या लोंबीसारखी नेटकी उतरू लागली. मी कामावर नेते त्या पिशवीवर त्यांनी भरलेली वेल आहे. लोक विचारतात, कुठून घेतली.

या हिवाळ्यात आबा गावी गेले असताना झोपेतच गेले. वय झालं होतं, हृदय थांबलं. तोंडात शेवटपर्यंत पुन्हा काही निघालं नाही.

रक्षाविसर्जनाला ओढ्याकाठी सगळे जमलो. नैवेद्य मांडला, भाकरी, वांग्याची भाजी, चहा. कावळा समोरच्या बाभळीवर येऊन बसला, पण खाली उतरेना. ऊन चढलं. बायका कुजबुजू लागल्या. बाबू माने पुढे आले. डोळे सुजलेले होते.

"इजय, त्येचा जीव त्या चंचीत आडाकलाय. उसव ती आन ठेव हितं चिमूटभर. न्हाईतर कावळा शिवायचा न्हाई."

चंची माझ्याकडे होती. विजयने तिच्यातलीच कात्री काढली आणि चंची परत माझ्या हातात दिली. मी ती उन्हात धरली. इतक्या वर्षांत मी ती शिवण इतक्या जवळून कधी पाहिलीच नव्हती.

एक कडी लांब, पुढची आखूड. मध्येच एक भलतीकडे तोंड करून. माणातली मेंढरं.

हात बसल्यानंतरचे आबा असं शिवूच शकले नसते. एकदा जरी उसवून पुन्हा शिवली असती, तर नीट शिवली गेली असती. ही पहिल्याच महिन्यातली शिवण होती, जशी घातली तशी.

मी विजयला दाखवलं. त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला. मग त्याने कात्री मिटून खिशात टाकली आणि ओढ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"उसवायची नाही," मी बाबूतात्यांना म्हणाले. चंची तशीच, बंद, नैवेद्याच्या शेजारी ठेवली आणि आम्ही मागे सरलो.

थोड्या वेळाने कावळा उतरला. चंचीपाशी आला, मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं, तिला वळसा घातला आणि भाकरीचा तुकडा उचलला.

"शिवला," कुणीतरी म्हणालं.

बाबूतात्यांनी टोपी काढून डोळे पुसले. "भाकरीला शिवला," ते म्हणाले. "तंबाकूला न्हाई शिवला गडी."